थेप्पाकाडू : ऑस्कर जिंकलेल्या हत्तींच्या गावी

ऑस्करचा सोहळा होतो लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये, पण जिंकणाऱ्या चित्रपटांचं गाव दुसरीकडेच असतं. १२ मार्च २०२३ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या १३ मार्चच्या सकाळी, भारताच्या वाट्याला दोन बाहुल्या आल्या. एक 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू' या गाण्यासाठी, संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना. दुसरी 'द एलिफंट व्हिस्परर्स' या लघु माहितीपटासाठी, दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस आणि निर्मात्या गुनीत मोंगा यांना.

'नाटू नाटू'चं चित्रीकरण झालं युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये, तिथल्या मारिइन्स्की राजवाड्यासमोर, २०२१ साली. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्या शहरावर हल्ले सुरू झाले. तिथे आता सहलीला कोण जाणार? दुसऱ्या विजेत्याचं गाव मात्र आमच्या बेंगळुरूच्या घरापासून गाडीने पाच-सहा तासांवर. तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात, मुदुमलाईच्या जंगलात, मोयार नदीच्या काठावर. त्या जागेचं नाव थेप्पाकाडू. मुलाला डिसेंबरची सुट्टी लागली आणि आम्ही चौघं निघालो.

घरातले तीन निकाल

आमच्या घरी त्या सकाळी तीन वेगवेगळे निकाल लागले होते. नववीतला मुलगा 'नाटू नाटू'साठी पाचलाच उठून बसला होता. नाव पुकारलं गेल्यावर त्याने हॉलमध्ये जो नाच केला, त्याने खालच्या मजल्यावरचेही उठले असतील.

नवऱ्याचं मन 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये गुंतलेलं. शौनक सेन यांचा हा माहितीपट दिल्लीतल्या दोन भावांचा. आकाशातून कोसळलेल्या घारींवर ते घराच्या तळघरात उपचार करतात. सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत गौरवलेला हा चित्रपट ऑस्करला 'नवाल्नी'समोर हरला. 'नवाल्नी' ज्यांच्यावर होता, त्या रशियन विरोधी नेत्याचा पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तुरुंगात मृत्यू झाला. तेव्हा जिंकलेला चित्रपट काही हलका नव्हता. पण आवडता स्पर्धक हरला की असा हिशेब मनाला पटत नाही. नवरा दिवसभर गप्प होता.

आणि आमच्या सासूबाई. त्यांनी 'एलिफंट व्हिस्परर्स' दोनदा बघितला होता. काट्टुनायकन या आदिवासी समाजातले बोम्मन आणि बेल्ली, आणि त्यांनी वाढवलेली आईवेगळी दोन हत्तीची पिल्लं, रघू आणि अम्मू. जेमतेम चाळीस मिनिटांचा चित्रपट. रघू मोठा झाल्यावर वनखातं त्याला दुसऱ्या माहुताकडे सोपवतं, त्या प्रसंगाला आई दोन्ही वेळा रडल्या. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मंचावर दोन बायका बघून त्यांना कोण आनंद! भारतीय निर्मितीच्या माहितीपटाला मिळालेलं ते पहिलंच ऑस्कर. पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यात ती बेल्ली कुठे आहे गं? तिला कुणी नेलं नाही का?"

या प्रश्नामुळेच आमची सहल ठरली, असं म्हटलं तरी चालेल.

तीन राज्यांच्या सांध्यावर

बेंगळुरूहून म्हैसूर, तिथून नंजनगूड आणि गुंडलुपेट. गुंडलुपेटनंतर शेतं मागे पडतात आणि बंदीपूरचं जंगल सुरू होतं. रात्री नऊ ते सकाळी सहा हा रस्ता वाहनांना बंद असतो. गाड्यांखाली प्राणी मरू नयेत म्हणून २००९ पासून ही बंदी आहे. दिवसाही जंगलात गाडी थांबवता येत नाही आणि ठिकठिकाणच्या गतिरोधकांमुळे वेग आपोआप आवरतो. चितळांचे कळप रस्त्याच्या कडेला निवांत चरत होते. एका वळणावर गवा दिसला आणि मुलाच्या कानातले इअरफोन पहिल्यांदा बाहेर आले.

कर्नाटकातलं बंदीपूर, तमिळनाडूतलं मुदुमलाई आणि केरळमधलं वायनाड ही जंगलं एकमेकांना चिकटून आहेत. नकाशावर तीन राज्यं, हत्तीला मात्र एकच रान. हा सारा भाग निलगिरी जीवावरण क्षेत्रात येतो. १९८६ साली घोषित झालेलं हे देशातलं पहिलं जीवावरण क्षेत्र. मुदुमलाई म्हणजे जुना, पुरातन डोंगर. १९४० साली इथे अभयारण्य झालं, २००७ साली व्याघ्र प्रकल्प. आज त्याचं क्षेत्र सुमारे ६८८ चौरस किलोमीटर आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक ओळखीचं झुडूप दिसत राहतं. आपली घाणेरी, म्हणजे टणटणी. बाहेरून आलेल्या या झुडपाने इथली जमीन इतकी व्यापली आहे की खाली गवत उगवायला जागा उरत नाही. गवत नाही म्हटल्यावर हत्ती, गवे, हरणं चरायला शेतांकडे वळतात. जवळच्या गुडलूर भागातले आदिवासी कारागीर याच घाणेरीच्या काड्या उकळून, सोलून, वाकवून खऱ्या मापाचे हत्ती तयार करतात. ते हत्ती २०२१ साली लंडनच्या उद्यानांत उभे होते. हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे इथल्या माणसांच्या हातचे हत्तीसुद्धा परदेशात जाऊन आले. माणसं मात्र इथेच."

हत्तींचं स्वयंपाकघर

मोयारवरचा पूल ओलांडला की थेप्पाकाडू. नाव फार मोठं, गाव म्हणावं तर फार छोटं. वनखात्याचं स्वागतकेंद्र, दोन-चार कार्यालयं, नदीकाठची वस्ती आणि हत्तींचा तळ. हा तळ १९१७ पासूनचा. इंग्रजांच्या काळात जंगलातले ओंडके ओढायला हत्ती लागत, त्यासाठी तो सुरू झाला. पुढे लाकूडतोड थांबली, तसं हत्तींचं कामही बदललं. आता इथले शिकवलेले हत्ती, ज्यांना 'कुमकी' म्हणतात, ते गावात शिरलेल्या रानटी हत्तींना परत वळवायला जातात, जंगलात गस्तीला जातात. आणि कळपापासून तुटलेली पिल्लं इथेच वाढवली जातात.

पर्यटकांना हत्ती बघायला मिळतात ते जेवणाच्या वेळेला, सकाळी आणि संध्याकाळी. आम्ही संध्याकाळी पोहोचलो. हत्ती आपापल्या जागेवर ओळीने उभे, समोर लांब ओटा आणि ओट्यावर खाण्याचे मोठाले चौकोनी गोळे. कुणाला किती द्यायचं याचा तक्ता फळ्यावर लिहिलेला. नाचणी, कुळीथ, भात, वर गूळ, मीठ, खोबरं. आईंनी पदार्थ ऐकले आणि त्यांचा चेहराच खुलला.

"नाचणी आणि कुळीथ? हे तर आमच्या रत्नागिरीकडचंच जेवण की! मी माझ्या तिन्ही मुलांना नाचणीचं सत्त्व भरवलं."

तेवढ्यात एका कावडीने ओट्यावरचा गोळा दोन्ही हातांनी उचलला. माहुताच्या मदतनिसाला इथे कावडी म्हणतात. हत्तीने सोंड वर करून तोंड उघडलं, त्याने हात कोपरापर्यंत आत घालून गोळा ठेवला आणि शांतपणे हात बाहेर काढला. जमलेल्या गर्दीतून 'आई गं'पासून 'अय्यो'पर्यंत सगळ्या भाषांतले उद्गार निघाले. त्याचं मात्र लक्ष पुढच्या गोळ्याकडे होतं.

रघू कुठला?

चित्रपट आल्यापासून इथे येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, रघू कुठला? आमच्या शेजारी कोइमतूरचं एक कुटुंब होतं, पलीकडे कोझिकोडहून आलेली कॉलेजची मुलं. सगळ्यांचे फोन वर आणि सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. पहारेकऱ्याने हात करून एक तरुण हत्ती दाखवला. चित्रपटातलं दुधाच्या बाटलीसाठी लुडबुडणारं पिल्लू आता चांगलंच उंच झालं होतं.

आईंना तो बघून आनंद झाला, पण नजर खाली गेली आणि त्या थबकल्या. "पायात साखळी आहे त्याच्या."

साखळी सगळ्याच हत्तींच्या पायात होती. मुलाने ती आधीच बघितली होती आणि तो अस्वस्थ झाला होता. जेवण आटोपल्यावर एक वयस्कर कावडी कुंपणापाशी हात धूत होते. मुलाचं कन्नड आमच्यापेक्षा कितीतरी बरं. तो सरळ जाऊन म्हणाला, "अण्णा, एक विचारू?"

अण्णांनी जे सांगितलं ते तो आम्हाला मराठीत सांगत गेला. रात्री हत्तींना जंगलात चरायला सोडतात. मागे लांब साखळी घासत जाते, तिच्या खुणेवरून पहाटे माहूत आणि कावडी त्यांना शोधायला निघतात. कधी अर्ध्या तासात सापडतात, कधी दोन तास लागतात. वाटेत रानटी हत्ती भेटू शकतो, वाघ भेटू शकतो. हत्ती सापडला की त्याला नदीवर आणायचं, घासूनपुसून अंघोळ घालायची, जखम आहे का बघायचं, मग खाऊ घालायचं. पुन्हा संध्याकाळी तेच. सुट्टीचा वार हत्तीला ठाऊक नसतो. अण्णांचे वडील याच तळावर होते, आता मुलगाही आहे.

मुलाने विचारलं, "मग कायमचं सोडून का देत नाही?"

अण्णा हसले. सुटलेलं पिल्लू सापडलं की वनखातं आधी त्याचा कळपच शोधतं, म्हणाले. पण प्रत्येक वेळी कळप मिळत नाही, मिळाला तरी पिल्लाला घेतोच असं नाही. माणसाच्या हातची बाटली प्यायलेलं पिल्लू मोठं होऊन एकटं रानात गेलं, तर ते जेवायला गावाकडेच येईल. आणि गावाच्या कडेला विजेच्या तारा असतात.

या शेवटच्या वाक्यानंतर कुणीच काही बोललं नाही. रघूची आई विजेच्या धक्क्यानेच गेली होती.

मसिनगुडीला मुक्कामी पोहोचेपर्यंत गाडीत वाद सुरू होता. मुलाचं म्हणणं, चित्रपटात प्रेम दाखवलं, साखळी फारशी दाखवली नाही. नवऱ्याचं म्हणणं, दिल्लीतल्या घारी पंख बरे झाले की उडून जातात, हत्तीचं तसं होत नाही, म्हणून इथल्या माणसाला आयुष्यभर थांबावं लागतं. आणि आई म्हणाल्या, "पोरं वाढवणं म्हणजे काय नुसते लाड असतात? धाक असतो, काळजी असते, झोपमोड असते. पण त्या अण्णांच्या पायांत चपला होत्या का, ते कुणी बघितलं?"

आम्ही तिघांनीही बघितलं नव्हतं.

पुरस्काराच्या रात्री बोम्मन कुठे होते?

परत आल्यावर मी त्या मार्चच्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या. आईंनी बेल्लीबद्दल विचारलं होतं. बोम्मन कुठे होते, तेही त्यात सापडलं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते धर्मपुरी जिल्ह्यात कामावर होते. ७ मार्च २०२३ रोजी तिथे मारंडहळ्ळीजवळ शेताभोवतीच्या बेकायदा विजेच्या कुंपणाला लागून तीन हत्ती मेले होते आणि त्यांची दोन पिल्लं मागे उरली होती. त्या पिल्लांसाठी बोम्मन यांना बोलावून घेतलं होतं. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये रघूच्या गोष्टीला टाळ्या पडत होत्या, तेव्हा तीच गोष्ट दुसरीकडे पुन्हा घडत होती.

त्याच महिन्यात धर्मपुरी जिल्ह्यातच विहिरीत पडलेलं काही महिन्यांचं आणखी एक पिल्लू वाचवून थेप्पाकाडूला आणलं गेलं. बोम्मन आणि बेल्ली यांच्याकडे ते सोपवलं. महिना संपता संपता ते दगावलं. या पिल्लावर चित्रपट निघणार नाही. पण त्यालाही कुणीतरी रात्री जागून दूध पाजलंच असेल.

आता पुरस्काराने काय दिलं तेही सांगायला हवं, कारण त्याने बरंच काही दिलं. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी बोम्मन आणि बेल्ली यांचा सत्कार करून त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दिले. एवढ्यावर न थांबता थेप्पाकाडू आणि अनामलाई इथल्या दोन्ही तळांवरच्या ९१ कर्मचाऱ्यांनाही प्रत्येकी एक लाख रुपये आणि त्यांच्या घरांसाठी ९ कोटी १० लाख रुपये जाहीर केले. एप्रिलमध्ये पंतप्रधान थेप्पाकाडूला येऊन गेले, ऑगस्टमध्ये राष्ट्रपती. त्याच ऑगस्टमध्ये बेल्ली यांना कावडी म्हणून तात्पुरती नेमणूक मिळाली. तमिळनाडूतल्या त्या पहिल्या महिला कावडी. ज्या बाईचा पहिला नवरा वाघाच्या हल्ल्यात गेला आणि जिला एके काळी जंगलाची भीती वाटायची, तिचं काम सरकारी कागदावर आलं.

आणि याच काळात एक कडवट बातमीही आली. पैशांच्या बाबतीत आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार या जोडप्याने केल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं. निर्मात्यांनी ते आरोप नाकारले. त्यातलं खरंखोटं ठरवायला आपण तिथे नव्हतो. पण माहितीपट खऱ्या माणसांचा असतो. अभिनेता भूमिका संपली की घरी जातो. ही माणसं कॅमेरा निघून गेल्यावरही त्याच घरात, त्याच नावाने राहतात आणि रोज त्यांच्या दाराशी अनोळखी गाड्या थांबतात. त्यांना नेमकं काय द्यायला हवं, हा प्रश्न पुरस्कार मिळाल्यावर संपत नाही. उलट तिथूनच सुरू होतो.

म्हणून मला त्या सगळ्या बातम्यांत घरांचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. बाहुली दोघींच्या हातात गेली, पण घरं मिळणार होती ती चित्रपटात कुठेही न दिसलेल्या माणसांनाही. आम्हाला भेटलेल्या अण्णांसारख्यांना. जाहीर झालेली घरं खरोखर उभी राहतात का, याकडे मी तेव्हापासून लक्ष ठेवून होते. मे २०२५ मध्ये थेप्पाकाडूच्या माहूत-कावडींसाठी बांधलेल्या नव्या घरांचं उद्घाटन झालं. फोनवर आलेले फोटो मी आईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला. बाहेरच्या रंगाचं कौतुक केलं आणि मग विचारलं, "पाणी आत आलंय ना गं? की अजून नदीवरूनच आणायचं?"

फोटोत ते दिसत नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर

म्हैसूरहून थेप्पाकाडू साधारण ९० किलोमीटर आहे. उटीहूनही जाता येतं. मसिनगुडीकडून उटीला चढणारा कल्हट्टी घाट ३६ अवघड वळणांचा आहे, बाहेरगावच्या गाड्यांना तिथे निर्बंध असतात. उटीला जाणार असाल तर निघण्यापूर्वी ई-पासचे नियम बघून घ्या. निलगिरी जिल्ह्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे, तेव्हा घरची स्टीलची बाटली न्या. रात्रीच्या बंदीमुळे बंदीपूरचं फाटक नऊच्या आत ओलांडावं लागतं. राहायला मसिनगुडीत बऱ्यापैकी सोयी आहेत.

हत्तींच्या जेवणाच्या वेळा सकाळी साडेआठच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास असतात, पण त्या बदलतात. आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. मुलं बरोबर असतील तर चित्रपट आधी दाखवून न्या. आणि साखळीबद्दल त्यांनी विचारलं तर विषय टाळू नका, तळावरच्याच कुणाला तरी विचारू द्या.

बोम्मन आणि बेल्ली यांचं घर कुठलं, असं विचारत वस्तीत जाऊ नका. आम्हीही गेलो नाही. आईंची फार इच्छा होती, पण त्याच म्हणाल्या, "आपल्या दाराशी रोज चार गाड्या थांबल्या तर आपल्याला चालेल का?"

त्यापेक्षा जेवणाच्या वेळी जो कावडी तुमच्या समोर असेल, त्याला दोन मिनिटं मिळाली की हत्तीचं नाव विचारा, आणि त्याचंही. आमच्याशी अर्धा तास बोललेल्या अण्णांनी निघताना मुलाला त्याचं नाव विचारलं होतं. मग मुलानेही त्यांचं विचारलं. त्यांनी ते सांगितलं, पण आधी हत्तिणीचं सांगितलं.